मोठे संकट आधी की उचलले जाणे आधी?

ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि न्याय होईल, यावर सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांचे एकमत आहे. वाद आहे तो क्रमाचा, आणि त्याचे मूळ प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायात सापडते. तिथे सैतानाला हजार वर्षे बांधून ठेवले जाते, हुतात्मे जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर राज्य करतात आणि उरलेले मृत हजार वर्षे सरल्यावरच उठतात. दुसऱ्या शतकातील जस्टिन व इरेनियस यांनी हे शब्दशः घेतले. ऑगस्टीनने मात्र ही हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच चालू काळ असे मांडले. पश्चिमेकडे हेच मत रुजले.

क्रमाचा दुसरा प्रश्न म्हणजे ख्रिस्त येण्याआधीचे मोठे संकट; त्याचा वाद 19व्या शतकात नव्याने पेटला. विश्वासणारे संकटाआधीच वर उचलले जातील, अशी शिकवण जॉन नेल्सन डार्बी यांनी दिली. 1909 साली निघालेल्या स्कोफिल्ड बायबलमधील टिपांमुळे ती अमेरिकेत दूरवर पोहोचली. तिचा मुख्य आधार म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, 4:16-17 : ख्रिस्तात मेलेले आधी उठतात, मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत प्रभूला भेटतात. पौल हे वचन लिहितो ते आप्तांच्या मृत्यूने खचलेल्यांना धीर देण्यासाठी. संकटाचा उल्लेख त्या ओळींत नाही. उलट मत्तय 24:29-31 मध्ये निवडलेल्यांना गोळा करणे संकटानंतरच येते. 1956 मध्ये जॉर्ज लॅड यांनी ‘संकटानंतर’ हीच बाजू सविस्तर मांडली, आणि वचनांच्या आधारे तीच अधिक भक्कम ठरते.