समजून घ्या : पाण्यात ठेवूनही गुलाब मान का टाकतो?

व्हॅलेंटाइन डेला आणलेला गुलाब अनेकदा दुसऱ्याच दिवशी मान टाकतो. फुलदाणीत पाणी असते, पाकळ्याही ताज्या दिसतात. पण कळीखालचा दांडा वाकतो. फुलशेतीत याला ‘बेंट नेक’ म्हणतात. घरी यात एक फूल वाया जाते. मावळातल्या पॉलिहाऊसधारकाची मात्र अख्ख्या हंगामाची मेहनत यावर अवलंबून असते. लाल गुलाबाला सर्वाधिक भाव फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मिळतो आणि त्यानंतर तो झपाट्याने उतरतो.

नेमके काय होते?

तोडल्यानंतरही फूल जिवंत असते. ते श्वसन करते, पाकळ्या-पानांतून पाणी गमावते. दांडा कापताच त्यातल्या बारीक नलिकांत हवा शिरते. पुढे पाण्यातले जिवाणू वाढून त्याच नलिका बुजवतात. पाणी वर चढत नाही आणि मऊ मानेला कळीचे वजन पेलवत नाही. फार लवकर तोडलेल्या कळीची मान कोवळी असते. तिला हा धोका जास्त.

पॉलिहाऊसमध्ये काय काळजी घेतात?

• तोडणी सकाळी लवकर होते. दूरच्या बाजारासाठी कळी घट्ट असताना, तर जवळच्या बाजारासाठी थोडी उमलल्यावर फूल तोडतात.
• दांडे लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत जातात.
• त्यानंतर 2 ते 4 अंश सेल्सिअसला प्री-कूलिंग होते. थंडीत श्वसन मंदावते, साठलेली साखर पुरवून वापरली जाते.
• दांड्याच्या लांबीनुसार ग्रेडिंग होते. 20 फुलांचा बंच बांधून, कळ्यांभोवती कोरुगेटेड कागद गुंडाळून तो बॉक्समध्ये भरतात.

इथून पुढे थंडाव्याची साखळी तुटू द्यायची नसते. थंड फूल उकाड्यात आले की पाकळ्यांवर दव धरते. त्या ओलाव्यावर बोट्रायटिस ही बुरशी वाढते आणि पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात.

घरी काय कराल?

• दांड्याचे टोक 2-3 सेंटीमीटर तिरके कापा. शक्यतो पाण्याखाली धरून.
• पाण्यात बुडणारी पाने काढून टाका. ती कुजली की जिवाणू वाढतात.
• फुलदाणी घासून धुवा, पाणी रोज बदला.
• नुसती साखर घालू नका, ती जिवाणूंनाही पोसते. फुलवाल्याकडच्या ‘फ्लॉवर फूड’च्या पुडीत साखरेसोबत आम्ल आणि जंतुनाशकही असते.
• केळी, सफरचंदांपासून फुले लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलिन वायूमुळे फुले लवकर कोमेजतात.

मान टाकलेला गुलाब वाचतो का?

कारण फक्त अडकलेली हवा असेल, तर बऱ्याचदा वाचतो. दांडा पुन्हा कापा, कागदात सरळ गुंडाळा आणि तासभर खोल पाण्यात उभा ठेवा. मान ताठ झाली नाही, तर त्या फुलाचे आयुष्य संपले असे समजा.