उडणारे माकड आणि चालणारा भिक्खू

गेल्या रविवारी विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि मुले पटांगणात खेळायला पळाली. तेवढ्यात चौथी-पाचवीतला एक मुलगा आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, त्रिपिटक हे माणसाचं नाव असतं का?" जवळ बसलेली मोठी माणसे हसली. त्रिपिटक म्हणजे ग्रंथ, हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. पण पोरगा हटेना. वडिलांच्या मोबाईलवर त्याने एक परदेशी मालिका पाहिली होती. तिच्यात एक माकड ढगावर बसून उडते, सोन्याच्या काठीने राक्षसांना बडवते आणि पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या एका भिक्खूला 'त्रिपिटक' अशी हाक मारते.

त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही मालिका ज्या कथेवर आहे, ती कथा आपल्या धम्माची आहे, आपल्या देशाची आहे आणि थोडी आपल्या महाराष्ट्राचीही आहे. ते मुलांना सांगणार कोण? म्हणून आज हा लेख.

एक कथा, अनेक मालिका

चीनमध्ये सोळाव्या शतकात 'पश्चिमेची यात्रा' ही शंभर प्रकरणांची अद्भुत कादंबरी लिहिली गेली. चिनी माणसाच्या दृष्टीने पश्चिम म्हणजे आपला भारत, बुद्धाची भूमी. एक भिक्खू धम्मग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघतो. त्याच्यासोबत माकड, डुक्कर आणि नदीत राहणारा एक राक्षस असे तीन शिष्य असतात. वाटेत त्यांच्यावर ८१ संकटे येतात. एवढीच कथा, पण तिने चार-पाचशे वर्षे पूर्व आशियातील मुलांना वेड लावले आहे.

टीव्ही आल्यावर ही कथा टीव्हीवर आली. जपानमध्ये १९७८ साली तिची मालिका झाली. तिच्यात भिक्खूची भूमिका मासाको नात्सुमे या तरुण अभिनेत्रीने केली होती. पुढे १९८५ साली अवघ्या २७ व्या वर्षी ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. बीबीसीने त्या मालिकेला इंग्रजी बोल दिले आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियातली एक पिढी ती पाहत मोठी झाली. २०१८ साली न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या नव्या मालिकेतही त्रिपिटकाच्या भूमिकेत मुलगीच आहे. आपल्या घरातली मुले कार्टूनमध्ये पाहतात तो 'गोकू' मुळात याच माकडाचा अवतार. चिनी 'वुकाँग' हे नाव जपानी उच्चारात 'गोकू' होते.

पण सगळ्यांत गाजली ती चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीची मालिका. यांग जिए या बाईंनी ती दिग्दर्शित केली. १९८२ साली काम सुरू झाले आणि पंचवीस भाग पूर्ण व्हायला सहा वर्षे लागली. पैसा कमी आणि कॅमेरा एकच. संगणकाची करामत तेव्हा नव्हती. माकड उडताना दाखवायचे तर नटाला तारेने लटकवावे लागे. माकड झालेल्या नटाच्या घराण्यात हीच कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मालिकेतील भारताची काही दृश्ये थायलंडमध्ये घेतली. इतक्या तुटपुंज्या साधनांवर उभी राहिलेली ही मालिका चीनमध्ये सुट्टीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा दाखवली जाते आणि आजोबा-नातू एकत्र बसून पाहतात. साधने कमी होती म्हणून यांगबाई अडून बसल्या नाहीत. आपल्या वस्तीतील नाट्यमंडळे आणि गायन पार्ट्या चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

नावांत दडलेला धम्म

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. तीन पिटकांचा जाणकार असलेल्या भिक्खूला चीनमध्ये आदराने 'सानझांग', म्हणजेच 'त्रिपिटक', म्हणत. म्हणून मालिकेतल्या भिक्खूचे नाव त्रिपिटक.

माकडाचे नाव 'वुकाँग'. त्याचा अर्थ शून्यतेचा बोध झालेला. डुकराचे नाव 'बाजिए', म्हणजे आठ निर्बंध. आपल्याकडे उपोसथाला उपासक-उपासिका अष्टशील घेतात, ते चटकन आठवते. गंमत अशी की हे डुक्कर अतिशय खादाड आणि आळशी! नाव मोठे आणि लक्षण खोटे, अशी माणसे आपल्याही आजूबाजूला आहेतच. तिसऱ्या शिष्याच्या नावाचा अर्थ शुद्धतेचा बोध झालेला.

माकडाच्या डोक्यावर एक सोन्याचे कडे असते. माकड चिडून वाटेल ते करू लागले की भिक्खू मंत्र म्हणतो आणि कडे आवळते. यात जादू आहे हे खरे, पण तिच्यामागचा विचार ओळखीचा आहे. पाली सुत्तांत चित्ताला माकडाची उपमा दिलेली आहे. एक फांदी सोडायची, दुसरी धरायची, हा चित्ताचा स्वभाव. त्याला आवर घालणे म्हणजेच साधना. मुलांना हे समजावून सांगितले तर कळते. आम्ही सांगून पाहिले आहे.

खरा माणूस

मालिकेतला भिक्खू जरा रडका आहे. राक्षस त्याला पळवतात आणि माकड सोडवते. पण हा भिक्खू इतिहासात खरोखर होऊन गेला, आणि तो मुळीच रडका नव्हता. जुन्या शालेय पुस्तकांत त्याचे नाव 'ह्युएन त्संग' असे होते, नव्या पुस्तकांत 'युआन श्वांग' असते.

चीनमध्ये मिळणाऱ्या धम्मग्रंथांच्या भाषांतरांत त्याला एकवाक्यता दिसेना. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय समाधान नाही, असे त्याने ठरवले. देशाबाहेर जायला बादशहाची बंदी होती. तरी इ.स. ६२९ च्या सुमारास तो लपत छपत निघाला. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि चार रात्री, पाच दिवस त्याने पाण्याच्या थेंबावाचून काढले. वाटेत एका राजाने त्याला आपल्याच राज्यात ठेवून घ्यायचे ठरवले, तेव्हा त्याने तीन दिवस अन्नपाणी सोडले. शेवटी राजा वरमला. या वाटेवर सोडवायला उडणारे माकड नव्हते.

भारतात येऊन तो नालंदा महाविहारात वृद्ध आचार्य शीलभद्रांजवळ शिकला. नंतर त्याने देशभर प्रवास केला. इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे पुलकेशीचे राज्य होते. इथली माणसे साधी आणि प्रामाणिक आहेत, उपकार विसरत नाहीत, पण अपमानही सहन करत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. या प्रदेशात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचेही तो सांगतो. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचे वर्णन त्याने केले आहे. ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या दाराशी आजही हत्ती कोरलेले दिसतात.

इ.स. ६४५ मध्ये तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून मायदेशी पोहोचला. पुढची एकोणीस वर्षे, मरेपर्यंत, तो भाषांतर करत राहिला. पुढे इथे विहार ओस पडले आणि धम्माचा इतिहास मातीखाली गेला. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम साहेबाने ह्युएन त्संगचे प्रवासवर्णन हाताशी धरून नालंदा आणि इतर अनेक बौद्ध स्थळांची ओळख पटवली. म्हणजे आपला पुसलेला पत्ता एका परदेशी भिक्खूच्या वहीत जपून राहिला होता.

काय घ्यावे, काय सोडावे

काही पालक म्हणतील, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, मग देव, राक्षस आणि स्वर्गाची मालिका मुलांना का दाखवायची? प्रश्न रास्त आहे. मालिकेत बुद्ध हा स्वर्गात बसलेला, तळहाताएवढ्या जागेत माकडाला जिंकणारा महाशक्तिमान दाखवला आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवलेला बुद्ध असा नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. तो माणूस आहे. हे मुलांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

पण बंदी घालून काही साधत नाही. मोबाईल आता प्रत्येक घरात आहे, मुले पाहणारच. त्यापेक्षा शेजारी बसून पाहावे आणि विचारावे, "बाळा, यातले खरे काय आणि रचलेले काय?" हा प्रश्न विचारायला शिकलेले मूल उद्या कोणत्याही बुवाच्या चमत्काराला फसणार नाही. अद्भुत कथा ही कथा म्हणून पाहावी, पूजेला लावू नये. एवढे भान असले की तिच्यातली मजा घ्यायला हरकत नाही.

शेवटी एक गोष्ट. परत जाताना सिंधू नदीत वादळाने ह्युएन त्संगची नाव हेलकावली आणि पन्नास हस्तलिखिते पाण्यात गेली. तो रडत बसला नाही. तिथेच थांबला आणि माणसे पाठवून त्या ग्रंथांच्या नकला पुन्हा करवून घेतल्या. १९१७ साली आपले बाबासाहेब विलायतेहून परतत होते. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. पहिल्या महायुद्धात ती बोट बुडवली गेली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. बाबासाहेबही थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले आणि त्या ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधले.

दोघांमध्ये तेराशे वर्षांचे अंतर आहे, पण पुस्तकासाठी जिवाचे रान करण्याची जात एकच.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माकडापेक्षा तो बाबाच जास्त ताकदवान होता!" आम्हाला त्याहून अधिक काही सांगायचे नव्हते. येत्या सुट्टीत विहारातल्या मुलांना अजिंठ्याला नेऊन ते हत्ती दाखवायचे ठरले आहे. आपल्या वस्तीनेही तसे ठरवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!