विश्लेषण : ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचे आटे का जातात? गेले तर काय करायचे?

पुणे-नाशिक महामार्गावरील मोशी हे भोसरी आणि चाकण या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधले उपनगर. पाळीची वेळ गाठायची तर इथल्या अनेकांचा भरवसा दुचाकीवर. रोजची धाव मोठी, त्यामुळे ऑइल बदलण्याची वेळही लवकर येते. हाताला पाना-पकडीची सवय असलेले कामगार गुरुवारी किंवा रविवारी, सुटी असेल त्या दिवशी, पार्किंगमध्येच हे काम उरकतात. काम सोपे आहे, पण त्यातला एक छोटा भाग बिघडला तर वाचवलेल्या मजुरीच्या कित्येक पट खर्च येतो. तो भाग म्हणजे इंजिनच्या तळाचा ड्रेन बोल्ट.

ड्रेन बोल्टचे काम काय?

इंजिनच्या तळाशी, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत चेंबरमध्ये, ऑइल साठते. ते काढण्यासाठी तळाला आटे पाडलेले छिद्र असते आणि त्यात हा बोल्ट बसतो. ऑइल अडवण्याचे खरे काम आटे करत नाहीत, ते बोल्टच्या डोक्याखालचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर करते. बोल्ट आवळला की मऊ वॉशर दाबले जाऊन फट बंद होते. एकदा दाबलेले वॉशर पुन्हा तितके नीट बसत नाही. म्हणून दर वेळी नवे वॉशर टाकावे.

आटे का जातात?

बोल्ट पोलादी आणि चेंबर ॲल्युमिनियमचे. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. जोर जास्त झाला की बोल्टचे काही बिघडत नाही, चेंबरचे आटे मात्र सोलून निघतात. याची कारणे बहुधा तीनच. पहिले, जुन्या वॉशरमधून थेंब गळतो आणि तो थांबवण्यासाठी बोल्ट आणखी आवळला जातो. दुसरे, बोल्ट हाताने न बसवता थेट पान्याने फिरवल्याने तो तिरका शिरतो. तिसरे कारण फसवे आहे. बोल्ट खालून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. गाडीवर वाकून वरून पाहणाऱ्याला हीच दिशा उलटी दिसते. त्यामुळे सोडण्याच्या नादात बोल्ट आवळला जातो.

किती आवळायचा?

१०० ते १२५ सीसीच्या अनेक दुचाकींत हा बोल्ट १२ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तो साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या माहिती पुस्तिकेतून घ्यावा. अंदाजासाठी, २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला की सुमारे २५ न्यूटन-मीटर होतात. त्याच पान्याला पाइप लावून लांबी ७५ सेंटिमीटर केली, तर तेवढ्याच जोरात तिप्पट ताण पडतो. म्हणून पाइप किंवा हवेची गन इथे वापरू नये. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. नसेल तर पहिले तीन-चार फेरे बोटांनी द्यावेत, बोल्ट टेकला की आखूड पान्याने बेताने आवळावा.

झीज कशी ओळखायची?

बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल झाले असतील आणि पाना घसरत असेल तर ती पहिली खूण. बोल्टच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार अडकलेली दिसली, तर चेंबरचे आटे सुटू लागले आहेत. आवळताना बोल्ट अचानक हलका फिरू लागला किंवा नुसताच फिरत राहिला, तर आटे गेले. अशा वेळी तिथेच थांबावे.

तशीच गाडी चालवली तर?

या दुचाकींत जेमतेम ७०० मिलिलिटर ते १ लिटर ऑइल असते. धक्क्यांनी बोल्ट निसटला तर ते काही क्षणांत रस्त्यावर येते. ऑइलविना इंजिन जाम होते. त्याहून वाईट म्हणजे ऑइल मागच्या चाकाखाली आले की गाडी घसरते. महामार्गावर मागून कंटेनर येत असताना हे जिवावर बेतू शकते.

दुरुस्तीचे पर्याय कोणते?

फक्त डोके गोल झाले असेल तर बारा कोनी रिंग पान्याऐवजी सहा कोनी गोटी पाना वापरून बोल्ट काढावा आणि नवा टाकावा. हा सर्वात स्वस्त उपाय. चेंबरचे आटे गेले असतील तर मोठ्या मापाचा, स्वतः आटे पाडत जाणारा बोल्ट बाजारात मिळतो. तो तात्पुरता समजावा, कारण त्यानंतर छिद्रात फारसे मांस उरत नाही. टिकाऊ उपाय म्हणजे छिद्र मोठे करून, नवे आटे मारून त्यात तारेची स्प्रिंग किंवा पोलादी बुश बसवणे. त्यात मूळ मापाचाच बोल्ट बसतो. भोसरी-चाकण पट्ट्यात लेथ आणि टॅपिंगची कामे करणारे कारागीर भरपूर आहेत. मात्र टॅपला ग्रीस लावून काम करायला सांगावे आणि नंतर थोडे ऑइल ओतून चेंबर धुऊन घ्यावे, म्हणजे धातूचा कीस आत राहत नाही. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील हे उपाय नव्हेत.

चेंबर बदलणे हा शेवटचा पर्याय. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. शिवाय अनेक दुचाकींचा इंजिन क्रमांक याच क्रँककेसवर कोरलेला असतो. तो भाग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते.

सर्व्हिस सेंटरमध्ये आटे गेले तर?

गाडी ताब्यात घेतानाच खाली वाकून पाहावे. गळती दिसली तर फोटो काढून जॉब कार्डवर नोंद करून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वॉरंटीतील गाडीचे ऑइल मात्र घरी बदलण्यापूर्वी अटी वाचाव्यात.

काम संपल्यावर काय तपासायचे?

ऑइल भरून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून पातळी पाहावी. रात्रभर गाडीखाली कोरा कागद ठेवावा. सकाळी डाग दिसला तर बोल्ट आणखी न आवळता वॉशर बदलावे. पहिल्या मोठ्या फेरीनंतर पुन्हा एकदा पाहावे.

जुन्या ऑइलचे काय?

२०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. गटारात ओतलेले ऑइल नाल्यांवाटे इंद्रायणीत जाते आणि पुढे आळंदीत हेच पाणी वारकरी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. त्यामुळे जुने ऑइल बंद कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे ऑइल पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे.