घरातला करंट आणि अहवालावरची सही

उन्हाळा संपत आलेला असतो, कूलर अजून खिडकीतच असतो आणि पहिला पाऊस पत्र्यावर वाजू लागतो. दरवर्षी असे दहा-पंधरा दिवस येतात आणि याच दिवसांत विजेचा झटका बसून माणूस दगावल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. विदर्भात कूलरच्या टाकीत पाणी भरताना, मुंबईकडे पत्र्याच्या भिंतीला हात लागून, आणि सगळीकडेच ओले कपडे लोखंडी तारेवर वाळत घालताना. पाणी भरणारी आणि कपडे वाळत घालणारी घरातली बाई असते, म्हणून झटकाही तिलाच बसतो. नाहीतर अनवाणी खेळणाऱ्या पोराला. बातमीच्या शेवटी ‘शॉर्टसर्किट’ असा शब्द लिहिलेला असतो आणि विषय तिथेच मिटतो.

खरे तर असे मृत्यू बहुधा शॉर्टसर्किटने होत नाहीत. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो. इथे तसे काहीच होत नाही. कुठेतरी वायरचे आवरण सोललेले असते आणि करंट लोखंडावर, पत्र्यावर, ओल्या भिंतीवर उतरून गुपचूप बसलेला असतो. दिवे लागलेले असतात, पंखा फिरत असतो, घरात बिघाड आहे असे कुणाला वाटतही नाही.

पत्र्याच्या घरात हे कसे घडते ते एकदा आपल्याच घरी पाहा. खांबावरून आलेली वायर पत्र्याला भोक पाडून आत घेतलेली असते. त्या भोकाची कड ब्लेडसारखी असते. वारा सुटला की पत्रा हलतो, वायर घासते आणि दोन-तीन वर्षांत आवरण कापले जाते. ज्या दिवशी आतले तांबे पत्र्याला टेकते, त्या दिवसापासून अख्खी भिंत ‘जिवंत’ होते. भोकात दहा रुपयांचा प्लास्टिक पाइपचा तुकडा बसवला असता तर हे टळले असते. पोटमाळ्यावर नेलेली लाईन, शेजाऱ्याकडून ओढलेली लाईन, टिल्लू पंपाला जोडून लांबवलेली वायर आणि त्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी, हे सगळे याच जातीचे धोके.

आता शरीराचे पाहू. आपल्या घरात २३० व्होल्टने वीज येते. ९ वॅटचा एलईडी बल्ब लागतो तेव्हा त्यातून साधारण ४० मिलिॲम्पिअर करंट वाहतो. मिलिॲम्पिअर म्हणजे एका ॲम्पिअरचा हजारावा भाग. १०-१५ मिलिॲम्पिअर अंगातून गेले तरी हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात ‘विजेने धरून ठेवले’. धरून ठेवतो तो आपलाच हात. बल्बाएवढा करंट छातीतून काही क्षण वाहिला तर श्वास अडकतो, हृदयाची लय बिघडू शकते. अंग ओले असेल, पाय जमिनीवर उघडे असतील, तर एवढा करंट वाहायला काहीच वेळ लागत नाही.

यावर अनेकजण सांगतात, “आमच्याकडे एमसीबी बसवली आहे.” चांगलेच आहे, पण एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. १६ ॲम्पिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिॲम्पिअरची. तुमच्या अंगातून ५० गेले तर तिला त्याची गंधवार्ताही लागत नाही. माणसाला वाचवणारे यंत्र वेगळे असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुनी माणसे ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढेच ते यंत्र पाहत बसते. कमी परत आला, म्हणजे वाटेत कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेला. घरासाठी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी घ्यावी. तेवढा फरक पडला की डोळ्याचे पाते लवण्याआधी ती वीज तोडते. चांगल्या कंपनीची दोन हजारांच्या आसपास मिळते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. दाबल्यावर खटका पडला नाही तर यंत्र मेले आहे असे समजा. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही, म्हणून ती आहे या भरवशावर उघड्या वायरीशी खेळू नये.

तिच्या जोडीला अर्थिंग हवे. हिरवी वायर ती हीच. कूलरच्या, फ्रिजच्या, मिक्सरच्या लोखंडी अंगावर करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी म्हणून ती असते. ती वाट असेल तर कुणाचा हात लागण्याआधीच आरसीसीबी पडते. वाट नसेल तर झटका आधी बसतो आणि यंत्र नंतर पडते. बस्तीतल्या अनेक घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कुठे ती नळाच्या पाइपला बांधलेली असते. नळ आता प्लास्टिकचे आले, त्यामुळे ते बांधणे फुकट. आणि पाइप लोखंडी असेल तर करंट शेजारच्या मोरीत पोचतो. सगळ्यांत वाईट युक्ती म्हणजे बोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना एका तुकड्याने जोडून टाकणे. टेस्टर लावला की सगळे ठीक दिसते. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी फ्रिजचे दार, कूलरची जाळी, इस्त्रीचा तळ, सगळ्यावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात.

माझ्या स्वतःच्या घरात हेच होते. फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येत. आम्ही दाराजवळ पायपुसणे टाकले आणि सवय करून घेतली. नंतर बोर्ड उघडला तेव्हा तो तुकडा सापडला. मग आठवले की मीटर घेताना अर्जाबरोबर चाचणी अहवाल जोडला होता. त्यावर परवानाधारक कंत्राटदाराची सही होती, शिक्का होता. त्यासाठी पैसेही मोजले होते. पण सही करणारा माणूस आमच्या घरी कधी आलाच नव्हता. कागद एजंटाने आणून दिला आणि आम्हीही मीटर लवकर लागावे म्हणून काही विचारले नाही.

तो कागद कशासाठी असतो हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मीटरपर्यंतची लाईन वीज कंपनीची, मीटरच्या पुढची आपली. आपल्या बाजूची मांडणी कुणीतरी जाणकाराने तपासली आहे, एवढे त्या अहवालाने सिद्ध व्हायचे असते. महावितरणने २०२१ साली १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ राबवली. अनामत फक्त ५०० रुपये, तीही पाच हप्त्यांत. त्या अर्जातही शासनमान्य विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल मागितला होता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते, म्हणून योजनेला ते नाव शोभते. मीटर घरोघर आले. तपासणी किती घरांत झाली, हे ज्याने त्याने आपले घर आठवून ठरवावे.

नियम काय सांगतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरातले एखादे उपकरण बदलायला परवाना लागत नाही. पण नवी वायरिंग, वाढवलेला पॉइंट, मेन स्विच, अर्थिंग, लोड वाढवणे ही कामे राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायची असतात. त्याच्या हाताखाली दोन माणसे येतात. पर्यवेक्षकाकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र असते आणि वायरमनकडे, म्हणजे तारतंत्र्याकडे, परवाना असतो. हे परवाने शासनाच्या विद्युत निरीक्षण विभागाकडून मिळतात आणि त्यांना मुदत असते. म्हणून नुसते “लायसन आहे का?” असे विचारू नका. “दाखवा” म्हणा, आणि त्यावरची तारीख वाचा. राग यायचे कारण नाही. डॉक्टरच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असतेच ना?

कागदापेक्षाही खरी ओळख त्याच्या पिशवीवरून पटते. खिशात फक्त टेस्टर घेऊन आलेला माणूस तपासणी करूच शकत नाही. टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग दाखवत नाही. तपासणीसाठी मेगर नावाचे यंत्र लागते. मेन बंद करून, उपकरणे काढून, ते ५०० व्होल्टचा दाब देते आणि वायरीचे आवरण कुठे गळते आहे का ते सांगते. काटा एक मेगओहमच्या खाली आला तर ती वायरिंग चालणार नाही. अर्थिंग मोजायचे यंत्र वेगळे. ही दोन्ही यंत्रे तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर लावली गेली आणि त्यांचे आकडे अहवालावर लिहिले गेले, तरच सहीचे पैसे द्या. कामाच्या पावतीवर त्याचा परवाना क्रमांक लिहून घ्या. वायरवर आयएसआयची खूण पाहा. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, कूलर किंवा इस्त्रीच्या मोठ्या प्लगला अडीचची. दुकानदार पातळ वायर स्वस्त म्हणून पुढे करतो. ती आतून तापते आणि आवरण विरघळते.

आरसीसीबी लावल्यावर एक तक्रार हमखास येते: “सारखी पडते हो!” मग कुणीतरी ती काढून टाकतो आणि घर पूर्वीसारखे चालू लागते. इथेच जाणकार आणि जोडणारा यांतला फरक कळतो. ती पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, किंवा आपला न्यूट्रल शेजाऱ्याच्या न्यूट्रलमध्ये किंवा अर्थमध्ये मिसळला आहे. पडणारी आरसीसीबी बिघाड दाखवत असते. बिघाड शोधायचा, यंत्र काढायचे नाही.

आता आपल्या गल्लीतल्या पोराविषयी. प्रत्येक बस्तीत एक असतो. रात्री बारा वाजता हाक मारली तरी येतो, पन्नास रुपये घेतो, कधी तेही घेत नाही. त्याला दूर करा असे मी म्हणत नाही. त्याच्या हातात कसब असते, पण खांबावर चढताना हातमोजे नसतात आणि काही झाले तर मागे कागद नसतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तारतंत्री हाही आहे. ज्याच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र पेटीत पडून आहे त्याने परवान्यासाठी अर्ज करावा, मंडळाने त्याची फी भरली तरी चालेल. तोवर बल्ब-बटण त्याच्याकडून करून घ्या; मेन, अर्थिंग आणि नवी लाईन परवानाधारकाकडून.

पैशाचा प्रश्न खराच आहे. एका घरासाठी कंत्राटदार बस्तीत यायला कुरकुरतो, आला तर जास्त मागतो. एका ओळीतली आठ-दहा घरे मिळून बोलावली तर तो येतो आणि भावही खाली येतो. बचत गटातून हे काम सहज उभे राहते. सगळे एकदम जमत नसेल तर आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, मग पत्र्यातून जाणाऱ्या वायरी, मग बाकीचे. भाड्याने राहणाऱ्यांनी मालकाच्या मागे लागावे. विहाराची वायरिंगही या यादीत घ्या. बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीला कमानीवर जी रोषणाई चढते, ती लोखंडी पाइपांवरूनच चढते. तिच्यासाठी वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी मिळते. खांबावर आकडा टाकू नये.

अपघात झालाच तर धावत जाऊन माणसाला धरू नका. एकाला सोडवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याला सोडवायला गेलेला तिसरा, असे एका घरातले जीव गेले आहेत. आधी मेन बंद करा. मेन हाताशी नसेल तर कोरडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून, कोरड्या जागेवर उभे राहून, त्याला बाजूला ढकला. रस्त्यावर तार पडली असेल तर जवळच जाऊ नका, १९१२ वर वीज कंपनीला कळवा. माणूस हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती दोन इंच खाली जाईल असे, मदत येईपर्यंत न थांबता. झटका बसलेल्याला मातीत गाडून ठेवायची, अंगाला माती चोळायची जुनी समजूत अजून काही ठिकाणी आहे. त्यात जी पाच-दहा मिनिटे जातात, तीच त्याची होती.

आणि जो उठून बसला, “काही नाही झाले” म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्या. बाहेर बोटावर छोटा डाग दिसतो आणि आत स्नायू भाजलेले असू शकतात. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगा. गरोदर बाईला किरकोळ झटका बसला असेल तरी त्याच दिवशी तपासून घ्या. डॉक्टरांना हात कुठे लागला होता, किती वेळ चिकटला होता आणि माणूस बेशुद्ध पडला होता का, हे नक्की सांगा.