स्वयंपाकघरातील अपघात व त्यांचे निवारण

हंगाम तोंडावर आला म्हणजे शेतकरी आपली अवजारे तपासून घेतो. पंपाचा पट्टा, फवाऱ्याची नळी, बैलाची वेसण यांत कोठे झीज झाली आहे काय, हे पाहिल्यावाचून तो कामास लागत नाही. परंतु ज्या खोलीत घरचा विस्तव रोज दोन वेळा पेटतो, त्या खोलीची अशी तपासणी झाल्याचे क्वचितच आढळते. ते काम बायकांचे, असे समजून पुरुष तिकडे पाहत नाहीत. आणि बायकांस कामाच्या धबडग्यात तेवढी उसंत मिळत नाही.

महसूल खात्यातील कारकुनीत घर जळाल्याचे पुष्कळ पंचनामे आमच्या नजरेखालून गेले. कारण म्हणून बहुधा ‘अकस्मात’ एवढाच शब्द लिहिलेला असे. तो शब्द सोयीचा खरा, पण यथार्थ नव्हे. त्याच कागदासोबतचे जबाब वाचले म्हणजे कोठे चिरलेली नळी, कोठे चुलीलगत रचलेले सरपण, कोठे पेटत्या स्टोव्हमध्ये ओतलेले रॉकेल, असे काही ना काही आढळेच. अपघात एका क्षणात घडतो; त्याची तयारी मात्र कित्येक दिवस चाललेली असते. ती तयारी मोडणे हेच निवारण होय.

आमच्या विश्रांतवाडीत जुने व नवे शेजारी शेजारी नांदते. आळंदी रस्त्याच्या दुतर्फा इमारती उठल्या असून त्यांत घरोघर गॅस आहे. कित्येक जुन्या घरांच्या परसात पाणी तापविण्यास अजून चूल पेटते. आणि ज्यांची जमीन हवेली, खेड अथवा शिरूर तालुक्यात आहे, त्यांच्या घरी पिकांवर फवारावयाचे औषधही येऊन पडते. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्यास जाते. तिच्याबरोबरच्या दिंड्यांतही आता गॅसच्या टाक्यांवर स्वयंपाक होतो. सबब पुढील सूचना घर आणि राहुटी दोहोंसही लागू आहेत.

गॅसची टाकी

घरगुती टाकीत १४.२ किलो वायू असतो. प्रोपेन व ब्यूटेन यांचे हे मिश्रण दाबाखाली द्रवरूपाने भरलेले असते व बाहेर पडताच सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. म्हणून गळालेला वायू धुराप्रमाणे वर जाऊन खिडकीवाटे निघून जात नाही. तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो व ओट्याखाली साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरे होते. या वायूस स्वतःचा म्हणण्यासारखा वास नाही. आपणांस येणारा उग्र दर्प त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा असतो. ती धोक्याची घंटाच समजावी.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे नियम आपोआप सुचतात. टाकी नेहमी उभी असावी व शेगडी तिच्याहून उंच असावी. टाकी बंद कपाटात कोंडू नये. रात्री निजताना रेग्युलेटर बंद करावा. नळी आय.एस.आय. छापाचीच घ्यावी व पाच वर्षांनी, अथवा चीर दिसताच त्यापूर्वी, बदलावी. गळतीचा संशय आल्यास काडी ओढून पाहू नये. सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे.

वास येताच प्रथम रेग्युलेटर बंद करावा. पुष्कळ घरी देवघर स्वयंपाकघरातच असते. दिवा मालवणे अशुभ, अशा समजुतीने समई तेवत ठेवतात. परंतु अशा प्रसंगी ती शांत करणे हाच धर्म होय. विजेचे बटण लावू नये, तसेच चालू असलेले बंदही करू नये. दोन्ही वेळी आत ठिणगी उडते. दारे-खिडक्या उघडाव्यात, टाकीच्या तोंडावर तिची टोपी बसवावी, मंडळींसह बाहेर पडावे आणि बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवावे.

चूल व शेगडी

चुलीपासून सरपण निदान चार हात दूर असावे व छपराचे गवत ज्वाळेच्या टप्प्यात नसावे. तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे दिनांक १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतील आग गवती छपरास लागून ९४ मुले दगावली. थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन निजण्याचा प्रघात तर अत्यंत घातक आहे. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास वासही नाही व रंगही नाही, आणि निजलेला माणूस जागा होत नाही.

तळण व कुकर

कढईतील तेल पेटल्यास पाणी कदापि ओतू नये. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जाते, तेथे त्याची वाफ होते, आणि वाफेस पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते. त्या जोराने पेटते तेल चहूकडे उडते. खालचा विस्तव बंद करून कढईवर ताट अथवा झाकण सरकवावे व ती निवेपर्यंत हलवू नये. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत हे घरातील प्रत्येकास पाठ असावे.

कुकर डाळ-तांदूळ शिजविताना पाण्यासह निम्म्याहून अधिक भरू नये. शिट्टीखालची नळी दररोज उजेडाकडे धरून मोकळी आहे काय ते पाहावे. ती तुंबली तर वाफेस वाट उरत नाही. वाफ पूर्ण जिरल्यावाचून झाकण ओढू नये.

औषधाची बाटली

शेतकऱ्याच्या घरी हा धोका इतरांहून अधिक आहे. बिहारातील सारण जिल्ह्यात गंडामन गावी दिनांक १६ जुलै २०१३ रोजी शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्यू पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेव्हा औषध स्वयंपाकघराच्या छपराखाली ठेवूच नये. गोठ्यापलीकडे कुलपात ठेवावे. रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी त्यात तेल, पीठ वा पाणी भरू नये. तो भोके पाडून निकामी करावा. चुकून कोणाच्या पोटात औषध गेलेच, तर उलटी करविण्याच्या खटपटीत वेळ न दवडता रोग्यास दवाखान्यात न्यावे व औषधाची बाटली बरोबर दाखवावी.

मुले

काम होताच विळी मिटून, पाते भिंतीकडे करून उंच ठेवावी. आंघोळीचे कढत पाणी जमिनीवर ठेवून थंड पाणी आणावयास जाऊ नये. बादलीत आधी थंड पाणी घालून मग कढत घालावे. भांड्यांचे दांडे ओट्याच्या आत वळवावेत. पदर अथवा ओढणी खोचूनच विस्तवापाशी जावे.

भाजल्यास काय करावे

अंगावरील कपडे पेटल्यास धावू नये. वाऱ्याने ज्वाळा वाढते. जमिनीवर आडवे पडून लोळावे व इतरांनी घोंगडी टाकून आग दाबावी. लोकर सहसा पेट घेत नाही, म्हणून एक घोंगडी हाताशी असावी. भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे; बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. बर्फ, तूप, हळद, शाई अथवा दातांचे मलम लावू नये. त्यांनी उष्णता आत कोंडते अथवा जखम चिघळते. चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ फडक्याने झाकून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय सर्वांस खुले आहे.

तपासणीचा दिवस

नवी टाकी घरी येईल तोच दिवस तपासणीचा ठरवावा, असे आम्ही आपल्या मंडळाच्या सभासदांस सुचवितो. टाकीच्या कड्याखालील पट्टीवर एक इंग्रजी अक्षर व सालाचे दोन अंक असतात. पहिल्या चार अक्षरांनी वर्षातील चार तिमाह्या अनुक्रमे दर्शविल्या जातात. ती मुदत उलटली असल्यास टाकी परत करावी. मग सील, नळी, कुकरची शिट्टी, विजेच्या तारा व औषधाचे कुलूप पाहावे. यास दहा मिनिटे लागतात. तेल कंपन्या गॅसच्या अपघातांकरिता विमा उतरवितात, त्याचा निराळा हप्ता ग्राहकावर पडत नाही. म्हणून अपघात झाल्यास वितरकास तत्काळ लेखी कळवावे. मात्र विम्याने गेलेले माणूस परत येत नाही. यास्तव ही दहा मिनिटे घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतः द्यावीत. पंपाचा पट्टा तो ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी गॅसची नळी पाहावी.