ताग गाडला की जमिनीतला कर्ब वाढतो? थोडं खोल खणून पाहू

भाजीचा प्लॉट निघाला की ताग किंवा धैंचा पेरायचा, फुलोऱ्यावर आला की गाडायचा. सेंद्रिय कर्ब वाढवण्यासाठी हा सल्ला आपल्याकडे नेहमीचाच. पण कर्ब खरंच वाढतो का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या शेतावर टोमॅटो-मक्याच्या फेरपालटात 19 वर्षं हे तपासलं गेलं. निष्कर्ष 2019 मध्ये आले. रासायनिक खतांसोबत हिवाळ्यात आच्छादन पीक घेतलेल्या प्लॉटमध्ये वरच्या 30 सेंटीमीटर थरात कर्ब 3.5 टक्के वाढला. इथेच थांबलं असतं तर बातमी गोड होती. पण नमुने 2 मीटरपर्यंत घेतले होते आणि खालच्या थरात कर्ब चक्क 10.8 टक्के घटला होता!

सेंद्रिय प्लॉटमध्ये मात्र आच्छादन पिकासोबत कोंबडखताचं कंपोस्टही पडत होतं. तिथे 2 मीटरपर्यंतचा एकूण कर्ब 12.6 टक्के वाढला. जिवाणूंना कर्ब टिकवून धरायला नत्र, स्फुरद, गंधकही लागतं आणि ते कंपोस्टमधून मिळालं असावं, असा संशोधकांचा अंदाज.

तिथली हवा-माती वेगळी, आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. पण माती परीक्षणाचा नमुना आपणही वरच्या वीतभर थरातूनच घेतो. खालची घट त्या रिपोर्टमध्ये दिसतच नाही.