जुनं विका, पण जोखून विका

घट बसायच्या आधी घरोघरी माळे उतरायला लागतात. जाळ्याजळमटं निघतात, अंथरुणं-पांघरुणं नदीवर जातात, आणि माळ्यावरून काय काय खाली येतं! कान तुटलेली कढई, बंद पडलेला मिक्सर, पोरं मोठी झाली तरी ठेवलेला पाळणा, सासूबाईंच्या लग्नातला हंडा. नेमकी त्याच वेळी दारात हाळी येते, "भंगारेऽ!" मग घाईघाईत जे हाताला लागेल ते आपण देऊन मोकळ्या होतो. आज याच घाईबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंनी तांब्याचा बंब दारावर दिला. उक्ता दिला, म्हणजे वजन न करता. बाराशे रुपये आले. मुलीची कॉलेजची फी भरायची होती, पैसे कमीच पडले, म्हणून त्या गटाकडे कर्ज मागायला आल्या. बैठकीत बोलता बोलता बंबाची गोष्ट निघाली. आम्ही दोघीतिघी तालुक्याला भांड्यांच्या दुकानात गेलो आणि तांब्याच्या मोडीचा त्या दिवशीचा भाव विचारला. तेवढ्याच बंबाचा हिशेब केला, तर लोखंडी जाळी आणि पितळी तोटी वगळूनसुद्धा चौपट रक्कम होत होती. फी त्यातच भागली असती. ताई काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "काटा मागायला हवा होता."

त्या दिवशी आम्ही ठरवलं, की पुढच्या वर्षी गटानं मिळून आठवडी बाजारात जुन्या सामानाचं पाल लावायचं. आता तीन वर्षं झाली. त्यात जे शिकलो ते सांगतो.

पहिली अडचण पैशाची नव्हती, लाजेची होती. "घरातली भांडी बाजारात मांडली? एवढी काय वेळ आली?" असं कुणी म्हणेल, याची सगळ्यांना धास्ती. एकटीनं मांडलं तर लोक म्हणणारच. पण पाल गटाचं असलं, दहा घरचं सामान एकत्र असलं, की कुठली वस्तू कुणाची ते कुणाला कळत नाही. आम्ही वस्तूवर नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. नंबर कुणाचा ते फक्त वहीत. एवढ्यानंच निम्म्या बायकांची भीड गेली.

आधी घरात विचारा

पहिल्याच बाजारात एका ताईंनी पाळणा आणला होता. चांगला सागवानी. गिऱ्हाईक ठरलं, आणि तेवढ्यात त्यांच्या सासूबाई पिशवी घेऊन बाजारातून येताना दिसल्या. पाळणा बघून त्या थांबल्या. भांडल्या नाहीत, पण पाळण्याच्या दांडीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. आम्ही गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि पाळणा टेम्पोत घालून परत पाठवला. तेव्हापासून नियम केला: घरातल्या थोरामोठ्यांना आणि वस्तू ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय वस्तू पालावर घ्यायची नाही. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, बरं का. तुमच्या माहेरची भांडी कुणी तुम्हाला न विचारता काढत असेल, तर तुम्हीही तसंच विचारायचं.

दुसरी गंमत नाव घातलेल्या भांड्यांची. आपल्याकडे लग्नात आहेर आलेल्या स्टीलच्या ताटावर देणाऱ्याचं नाव असतं. ते ताट त्याच गावच्या बाजारात मांडलं, आणि आहेर करणारी मावशीच गिऱ्हाईक म्हणून आली तर? आमच्याकडे अगदी तसंच झालंय! नावाची भांडी गावात विकू नका. ती दुकानात मोड देऊन बदला, किंवा लांबच्या बाजारात न्या.

चार ढीग करा

माळ्यावरून निघालेल्या सामानाचे अंगणात चार ढीग करा. पहिला, वापरता येण्यासारखं. दुसरा, मोडीत किंवा भंगारात जाणारं. तिसरा, बोहारणीला द्यायचे कपडे. चौथा, कुणाला तरी फुकट देण्यासारखं.

बोहारणीबद्दल एक शब्द. ती डोक्यावर टोपली घेऊन उन्हात फिरते, तिचंही पोट त्यावर आहे. विटलेली लुगडी, फाटक्या पँटी तिलाच द्या. पण दोनदा नेसलेली काठापदराची साडी एका स्टीलच्या डब्यावर घालवू नका. ती धुऊन, इस्त्री करून पालावर दोरीवर टांगा. आमच्या पालावर सगळ्यात लवकर साड्याच जातात.

एका वस्तूचे तीन भाव

हे नीट ऐका. जुन्या वस्तूला एक भाव नसतो, तीन असतात. एक वजनाचा, म्हणजे मोडीचा. दुसरा वापराचा. तिसरा हौसेचा.

चेपलेला, भोक पडलेला हंडा वजनावर जाईल. धड असलेली पितळी परात एखादी सुगरण वापरायला घेईल. ती वजनापेक्षा जास्त देईल. आणि नक्षीची समई, पानाचा डबा, जुना अडकित्ता, हे हौसेनं घेणारे लोक असतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. तिथं शहरातली माणसं घर सजवायला असल्याच वस्तू शोधत फिरतात. तेव्हा वस्तू काट्यावर टाकण्याआधी विचारा, की हिला हौसेचा भाव आहे का? नसेल तर वापराचा? दोन्ही नसतील तरच वजनाचा.

धातू ओळखायला शिका. लोहचुंबक जवळ न्या. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. तांबं लालसर, पितळ पिवळं. तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो, म्हणून दोन्ही एका पोत्यात घालू नका. काशाची वाटी बोटानं वाजवून बघा, नाद लांबत जातो. पितळ तसं वाजत नाही. काशाच्या वाटीला तळपाय घासायला आजही मागणी आहे. दारावरचा माणूस ती पितळेच्या भावात नेतो, कारण आपणच पितळ म्हणून देतो.

काटा तपासा

जे भंगारात द्यायचं ते आधी घरी मोजा. रेशन दुकानात किंवा किराणा दुकानात ओळखीनं वजन करून आणा. दारावर आलेल्याच्या ताणकाट्यावर भरवसा नसेल, तर सोपी युक्ती आहे. एक लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरा आणि त्याच्या काट्याला लावा. पाणी एक किलो, वर बाटलीचं थोडं वजन. काटा त्याहून कमी दाखवत असेल तर हसून म्हणा, "भाऊ, काटा दमलाय वाटतं!" भांडण करायची गरज पडत नाही. आणि उक्तं कधीच द्यायचं नाही.

मांडायचं कसं

भांडी चिंच-मीठ लावून घासा. घासलेल्या पितळेकडे लांबून लक्ष जातं. विजेची वस्तू चालू आहे हे दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी आम्ही एक मिक्सर न लावता चारशेला विकला. घरी चालत होता, असं मालकीण म्हणाली, आम्हीही मान डोलावली. पुढच्या मंगळवारी गिऱ्हाईक बाई तो घेऊन परत आली. पहिल्याच वाटणात जळाला होता. ती रोजानं जाणारी, दोन दिवसांची मजुरी तिनं त्यात घातली होती. आम्ही गटातून पैसे परत दिले. आता शेजारच्या चहावाल्याकडून वायर ओढून घेतो आणि प्रत्येक वस्तू लावून दाखवतो. खोट असेल तर आधी सांगतो: झाकण बदलावं लागेल, तीन नंबर चालत नाही. खोट सांगितल्यानं थोडे पैसे कमी येतात, पण गावात तोंड दाखवायची चोरी होत नाही.

भाव चिठ्ठीवर लिहा. चालू स्थितीतल्या वस्तूला आम्ही नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करतो. आणि कितीपर्यंत खाली यायचं तो आकडा आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवतो. घासाघीस होणारच, तिचा राग मानू नका. पण आकडा ठरलेला असला की गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी आपण त्याच्या खाली घसरत नाही. वाट्या, पेले, चमचे यांचा दहा-वीस रुपयांचा ढीग पुढे ठेवा. भवानी तिथंच होते.

सकाळी लवकर जागा धरा. बाजाराची पावती फाडा, टाळाटाळ करू नका. दोघींनी बसायचं: एक दाखवायला, एक पैसे घ्यायला. सुट्टे आधीच आणा. मोबाइलवर पैसे घेत असाल तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगत असेल तर तो देत नाही, काढून घेतोय.

हे विकू नका

गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर आपले नसतात, कंपनीचे असतात. आपण अनामत भरलेली असते. नको असतील तर कागदासकट एजन्सीत जमा करा आणि अनामत परत घ्या. शेगडी मात्र विकता येते. सेफ्टी व्हॉल्व्ह गेलेला कुकर, वायर उघडी पडलेला हीटर, उरलेली औषधं, बाळाची दुधाची बाटली पालावर नको.

जुना मोबाइल विकण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, बँकेचं आणि पैशांचं ॲप काढा, आपलं खातं बंद करून फोन पूर्ण कोरा करून घ्या. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ आकडी नंबर येतो. तो, गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख वहीत लिहून सही घ्या. उद्या काही झालं तर फोन आपण कधी विकला ते दाखवता येतं.

पैसा कुणाचा

आपल्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र लेखे अद्ययावत ठेवण्याचं. इथंही तेच. नंबर, वस्तू, ठरवलेला कमीत कमी भाव, आलेला भाव, अशी चार रकान्यांची वही. संध्याकाळी तिथंच सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा. शंभराला दहा रुपये गटाला, त्यातून टेम्पो आणि पावती. बाकी पैसे जिची वस्तू तिच्या हातात. नवऱ्याच्या नाही, दिराच्या नाही. घरी गेल्यावर ती कुणाला द्यायचे ते तिचं ती ठरवेल.

बंब विकणाऱ्या त्या ताई आता आमच्या पालावर काट्याजवळ बसतात. मोडीचा भाव सकाळीच फोन करून विचारून घेतात. गेल्या वर्षी एक म्हातारी आजी तांब्याची घागर घेऊन आली, नातवाच्या दवाखान्यासाठी. "किती येतील ते द्या," म्हणाली. ताईंनी घागर तिच्यासमोर काट्यावर ठेवली, आकडा तिला दोनदा वाचून दाखवला, आणि म्हणाल्या, "आजी, किती येतील ते द्या, असं कुणालाच म्हणायचं नाही."

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी माळ्यावरची एकच ट्रंक खाली उतरवा. चुंबक लावा, वाजवून बघा, वजन करा, आणि आकडा लिहून ठेवा. विकायचं की नाही ते नंतर ठरवा. पण पुढच्या वेळी दारात हाळी आली, तर आपल्या घरात काय आहे आणि त्याचं मोल किती, हे आधी आपल्याला माहीत असू दे.